फायनान्सवाला १५ म्हणतो, कागदावर ३२ लिहिलंय, मग खरं काय?

आमच्या नाशिकच्या सिडकोत कोपऱ्यावर एक ताई शिवणकाम करतात, ब्लाऊज, फॉल-पिको, शाळेचे गणवेश असलं सगळं. सिंहस्थ तोंडावर आलाय, पिशव्या-झोळ्यांची मोठी ऑर्डर मिळेल म्हणून त्यांना दुसरं मशीन घ्यायचंय, आणि त्यासाठी एका फायनान्स कंपनीकडून ५० हजार काढायचं चाललंय. परवा मोबाईलवर एका कागदाचा फोटो घेऊन आल्या. "दादा, तो पोरगा तोंडाने १५ टक्के म्हणतो आणि इथं खाली बारीक अक्षरात ३२ लिहिलंय, फसवतायत का मला? आणि म्हणतो संध्याकाळपर्यंत सही करा नाहीतर ऑफर जाईल."

मी काही सीए नाही, पण हिशोबाची आवड आहे आणि गल्लीत तेवढ्यावर आपला भाव आहे. ताईंना जे समजावलं तेच इथं जरा पसरून लिहितोय, कारण हा प्रश्न एकट्या ताईंचा नाही. निफाडचा द्राक्षवाला, अंबडच्या कंपनीत कॉन्ट्रॅक्टवर असलेला पोरगा, पिकअप घेऊन ओझरला भाजी टाकणारा ड्रायव्हर, सगळ्यांना कधी ना कधी 'फायनान्सवाला' भेटतोच.

आधी हा फायनान्सवाला म्हणजे नक्की कोण

कागदोपत्री नाव एनबीएफसी, म्हणजे नॉन-बँकिंग फायनान्शियल कंपनी. मराठीत सांगायचं तर कर्ज देते पण बँक नाही. रिझर्व्ह बँकेच्या १९३४ च्या कायद्याखाली तिला नोंदणी घ्यावीच लागते. देशात अशा नऊ हजारांच्या आसपास कंपन्या आहेत, त्यात बजाज फायनान्स, श्रीराम फायनान्स, मुथूटसारखी मोठी नावं आलीच आणि दोन खोल्यांत ऑफिस असलेल्याही आल्या.

बँकेत आणि हिच्यात फरक काय? तुम्ही बँकेत सेव्हिंग खातं उघडता, चेकबुक मिळतं, हवे तेव्हा पैसे काढता. हे एनबीएफसीला करता येत नाही, तिच्या नावाचा चेक नसतो. मोजक्या जुन्या कंपन्यांना मुदत ठेवी घ्यायची परवानगी आहे, पण बँकेतल्या ठेवीला जो ५ लाखांपर्यंतचा विमा आहे तो तिथल्या ठेवीला नाही. आणि पतसंस्था हा तिसराच प्राणी, ती सहकार खात्याकडे नोंदलेली असते, रिझर्व्ह बँकेचा तिच्यावर काही अंमल नाही. आपल्याकडे लोक तिन्हींना 'बँक'च म्हणतात आणि तिथूनच घोळ सुरू होतो.

आता उदाहरण घ्या पाण्याचं. गंगापूर धरणातनं नाशिकला नळाने पाणी येतं, स्वस्त पडतं, कारण पाइप एकदा टाकला की टाकला. पण येवला-नांदगावकडे उन्हाळ्यात नळ कोरडा असतो, तिथं टँकर येतो. नाशिकमध्येसुद्धा नवीन बिल्डिंगवाल्यांना विचारा टँकरचं बिल किती येतं. तर बँक म्हणजे नळ आणि एनबीएफसी म्हणजे टँकर. टँकरवाला पाणी स्वतः तयार करत नाही, तोही कुठल्यातरी विहिरीवरनं नाहीतर धरणावरनंच भरून आणतो. एनबीएफसी पण तसंच, बँकांकडून ठोक कर्ज घेते, बाजारात रोखे विकते आणि ते पैसे तुमच्या दारात आणून चढ्या दराने देते.

मग नळच का नाही येत दारापर्यंत?

१९६९ साली १४ बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं, १९८० मध्ये अजून सहांचं, खेडोपाडी शाखा गेल्या. २०१४ मध्ये जनधन आलं, आज पन्नास कोटींच्या वर खाती आहेत. म्हणजे पाइप तर पोचला म्हणायचं. पण खातं असणं वेगळं आणि त्या खात्यावर कर्ज मिळणं वेगळं, नळाची तोटी बसवली म्हणून पाणी येतंच असं नाही हे आपल्याला कोणी वेगळं सांगायला नको.

ताईंचंच घ्या. बँकेत गेल्या तर रिटर्न मागतात, ते कधी भरलेलं नाही. दुकान भाड्याचं, तेही तोंडी बोलीवर. तारण काय तर अर्धा तोळ्याचं मंगळसूत्र. सिबिल बघितलं तर काहीच नाही, कारण आधी कर्जच घेतलेलं नाही. सिबिल म्हणजे तुमची फेडीची पत्रिका, ३०० ते ९०० मध्ये आकडा असतो, पण ज्याने कधी कर्जच घेतलं नाही त्याची पत्रिकाच नसते. रिझर्व्ह बँकेने सांगितलंय की पहिल्यांदा कर्ज मागणाऱ्याला निव्वळ सिबिल नाही म्हणून हाकलू नका. पण काउंटरवरचा माणूस तोंडाने 'सिबिल नाही' असं कशाला म्हणेल, तो 'मॅनेजर साहेब सुट्टीवर आहेत' म्हणतो.

शेतकऱ्याचं दुखणं अजून वेगळं. सातबारा आजोबांच्या नावावर, वारस लागलेले नाहीत, चार भावांत एकाची सही मिळत नाही. त्यात आपली जिल्हा बँक गेली काही वर्षं स्वतःच आजारी, जिच्या जिवावर सोसायटीतून पीककर्ज मिळायचं तिचेच हात आखडलेले. नोटा छापायचा कारखाना नाशिकरोडला आणि नोटांची चणचण जिल्हाभर, असं आमच्या कट्ट्यावर एक जण नेहमी म्हणतो, जोक जुना आहे पण चालतो अजून.

बँकेच्या बाजूनेही एक गोष्ट बघा. ५० लाखांचं घरकर्ज आणि ५० हजारांचं मशीनचं कर्ज, फाईल चाळायला, घरी जाऊन बघायला, वसुलीचा पाठपुरावा करायला खर्च दोन्हीकडे जवळपास तेवढाच. समजा वर्षाला २ हजार खर्च आला, तर ५० लाखांवर तो ०.०४ टक्के होतो आणि ५० हजारांवर सरळ ४ टक्के. म्हणून बँक छोट्या कर्जाकडे नाक मुरडते. मग ती काय करते, तर हीच कर्जं द्यायला फायनान्स कंपनीला ठोकीत पैसे देते. बँकांना आपल्या कर्जातला ४० टक्के वाटा शेती, छोटे धंदे, दुर्बळ घटक वगैरेंना द्यावा लागतो, आणि ठराविक अटींत बसलं तर एनबीएफसीमार्फत गेलेलं कर्जही त्यात मोजता येतं. थोडक्यात ताईंना बँकेचेच पैसे मिळतायत, फक्त टँकरने.

१५ चे ३२ कसे झाले

हा भाग जरा हळू वाचा, सगळी मेख इथंच आहे.

पोरगा म्हणाला १५ टक्के. ५० हजारांचे वर्षाला साडेसात हजार व्याज, दोन वर्षांचे १५ हजार. एकूण ६५ हजार, २४ हप्ते, म्हणजे महिन्याला २,७०८ रुपये. गणित बरोबर दिसतंय ना? याला फ्लॅट रेट म्हणतात आणि गोची अशी आहे की ताईंकडे ५० हजार दोन वर्षं राहणारच नाहीयेत. पहिल्या हप्त्यापासून मुद्दल परत जायला लागतं, वर्षभराने जवळपास निम्मंच उरतं, शेवटच्या महिन्यात दोन-अडीच हजार. पण व्याज मात्र पहिल्या दिवशीच्या पूर्ण ५० हजारांवर दोन्ही वर्षं.

मांडववाल्याकडून शंभर खुर्च्या आणल्या, रोज चार-चार परत नेऊन दिल्या, आणि शेवटी त्याने शंभर खुर्च्यांचं पूर्ण दिवसांचं भाडं लावलं तर तुम्ही भांडाल की नाही? तसंच आहे हे. जेवढं मुद्दल शिल्लक तेवढ्यावरच व्याज असा हिशोब केला, ज्याला घटत्या शिलकीवरचं व्याज म्हणतात, तर २,७०८ चा हप्ता म्हणजे साधारण साडेसव्वीस टक्के पडतो.

मग अजून सहा कुठून आले? कर्ज ५० हजार मंजूर, पण प्रोसेसिंग फी २ टक्के म्हणजे हजार, त्यावर १८० जीएसटी, आणि नवरा-बायकोचा विमा १,३२०. हे सगळं आधीच कापून हातात येणार ४७,५००. हप्ता मात्र ५० हजारांचाच. म्हणजे ४७,५०० घेऊन दोन वर्षांत ६५ हजार फेडायचे, तो हिशोब वर्षाला सुमारे ३२ टक्क्यांवर जातो.

या शेवटच्या आकड्याला एपीआर म्हणतात, सगळा खर्च धरून वर्षाचा खरा दर. १ ऑक्टोबर २०२४ पासून बँक असो की एनबीएफसी, नव्या किरकोळ कर्जाला हा आकडा लिहिलेला एक कागद देणं बंधनकारक आहे, त्याचं नाव की फॅक्ट स्टेटमेंट, केएफएस म्हणा. तो तुम्हाला समजणाऱ्या भाषेत द्यायचा असतो आणि त्यात नसलेला चार्ज नंतर तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय लावता येत नाही. विम्याचे पैसे जरी दुसऱ्या कंपनीला जात असले तरी एपीआरमध्ये ते धरावे लागतात.

म्हणजे गंमत बघा, ताईंना वाटलं कागद फसवतोय. फसवत होतं तोंड, कागद खरं बोलत होता.

टँकरला जसं 'लिटरला किती' विचारलं की सगळे एका मापात येतात तसं कर्जाला 'एपीआर किती' विचारायचं. 'फक्त हप्ता बघा ना ताई, दिवसाला नव्वद रुपये' म्हणणाऱ्याला पण हेच विचारायचं. आणि गावाकडच्या 'शेकडा'लाही हेच माप लावा, शेकडा ३ म्हणजे महिन्याला शंभरावर तीन रुपये, वर्षाचे ३६ टक्के, आणि तिथं बहुतेक वेळा नुसतं व्याजच जात राहतं, मुद्दल जागच्या जागी.

३२ टक्के म्हणजे सावकारीच की हो!

हा पहिला आक्षेप येतोच, आणि रास्त आहे. अर्धं उत्तर वर आलंच: कंपनी स्वतः ९-११ टक्क्यांच्या घरात पैसे उचलते, त्यावर दर महिन्याला पेठ-सुरगाण्यापर्यंत मोटरसायकल फिरवायचा खर्च, त्यावर बुडीत गेलेली कर्जं, आणि वर नफा. पण नफा किती असावा यावर मात्र बोलायला जागा आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये रिझर्व्ह बँकेने चार कंपन्यांना नवीन कर्ज द्यायचंच थांबवलं होतं, कारणांमध्ये एक हेच की अवाच्या सवा दर लावताय. नंतर सुधारणा झाल्यावर बंदी उठली. म्हणजे टँकरवाला खर्चाच्या नावाखाली जास्त लावतो कधी कधी, हे वरच्यांनाही मान्य आहे.

आता कायद्याचं. महाराष्ट्रात २०१४ चा सावकारी नियमन कायदा आहे, त्याखाली परवानाधारक सावकाराला शेतकऱ्याकडून तारणावर ९ आणि बिनतारण १२ टक्के, इतरांकडून तारणावर १५ आणि बिनतारण १८ टक्के, याच्या वर व्याज घेता येत नाही. वाचून कुणीही म्हणेल, मग फायनान्सवाला ३२ कसे घेतो? तर २०२२ च्या मे महिन्यात सुप्रीम कोर्टाने केरळ-गुजरातच्या प्रकरणात निकाल दिला की रिझर्व्ह बँकेकडे नोंदलेल्या एनबीएफसीला राज्यांचे सावकारी कायदे लागू होत नाहीत, तिच्यावर रिझर्व्ह बँकेचंच राज्य. आणि रिझर्व्ह बँकेने २०२२ पासून छोट्या कर्जावरची व्याजाची कमाल मर्यादा काढून टाकलीय, फक्त 'अवाजवी नको' एवढंच म्हटलंय. अवाजवी म्हणजे किती हे कुठं लिहिलेलं नाही. मला विचाराल तर हे कच्चं ठेवलंय, एपीआरचा एक ठळक फलक प्रत्येक शाखेबाहेर सोनाराच्या भावासारखा लावायला लावला असता तर निम्मं काम झालं असतं.

१८७५ साली पुणे-नगरच्या शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरात घुसून कर्जाची खतं जाळली होती, सुप्यापासून सुरुवात झाली, माणसं मारली नाहीत, कागद जाळले. त्यावरनं इंग्रजांना १८७९ मध्ये शेतकऱ्यांच्या बचावाचा कायदा करावा लागला. तेव्हा कागद शेतकऱ्याच्या विरोधात असायचा. आता पहिल्यांदा एक कागद कर्ज घेणाऱ्याच्या बाजूने आहे तर तो वाचलाच पाहिजे ना.

मग बंदच करून टाका या कंपन्या

हा प्रयोग झालेला आहे. आंध्रात २०१० मध्ये महिला गटांना कर्ज देणाऱ्या मायक्रोफायनान्स कंपन्यांनी एकेका बाईला पाच-पाच ठिकाणची कर्जं दिली, वसुलीत अतिरेक झाला, आत्महत्या झाल्या. राज्य सरकारने ऑक्टोबरमध्ये वटहुकूम काढला, वसुली ठप्प, बँकांनी कंपन्यांना पैसे देणं थांबवलं. टँकर बंद झाला पण नळ काही आला नाही. पुढे रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या मालेगाम समितीचा अहवाल आला आणि २०११ च्या शेवटी या कंपन्यांसाठी वेगळे नियम झाले.

आणि टँकर नुसत्या बंदीने थांबतो असंही नाही, मागचा व्हॉल्व्ह आवळला तरी थांबतो. २०१८ च्या सप्टेंबरात आयएलअँडएफएस नावाची बडी संस्था बुडाली, बँकांनी घाबरून सगळ्याच एनबीएफसींना हात आखडता घेतला, तेव्हा ज्याचा आयएलअँडएफएसशी काडीचा संबंध नाही अशा टेम्पोवाल्याचं गाडीचं कर्जही अडकलं. नोव्हेंबर २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने स्वतःच व्हॉल्व्ह थोडा आवळला होता, बिनतारण कर्जं फार फुगली म्हणून, आणि एनबीएफसींच्या बाबतीतला तो २०२५ मध्ये परत सैल केला. तुमचा हप्ता आणि मुंबईतल्या मिंट रोडवरचा, म्हणजे रिझर्व्ह बँकेचा निर्णय यांचा असा संबंध असतो.

तीन टँकर एकदम

माझ्या मते व्याजापेक्षा मोठा धोका हा आहे. गट कर्जात दहा बायकांचा गट, एकीचा हप्ता चुकला तर बाकीच्या नऊ जणी दारात. मग ती काय करते, दुसऱ्या कंपनीकडून घेऊन पहिलीचा हप्ता भरते, मग तिसरी. सोमवारची मीटिंग एकीची, बुधवारची दुसरीची. अशी घरं तुम्हालाही माहीत असतील, बाई काम करते ते फक्त हप्त्यांसाठी.

नियम काय म्हणतो? वर्षाला ३ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घराला दिलेलं बिनतारण कर्ज म्हणजे मायक्रोफायनान्स कर्ज, मग ते बँकेने दिलेलं असो की एनबीएफसीने. घर म्हणजे नवरा, बायको आणि अविवाहित मुलं. अशा घराचे सगळ्या कर्जांचे मिळून हप्ते महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यावर जाता कामा नयेत. ताईंचं घर महिन्याला २० हजार कमावतं, म्हणजे सगळे हप्ते मिळून १० हजारांच्या आत. त्यांच्या मिस्टरांच्या गाडीचा हप्ता ४,२०० आहेच, अधिक हे २,७०८, झाले ६,९०८. बसतंय. पण भिशीचे दोन हजार आणि पतसंस्थेची डेली कुठंच मोजली जात नाही, ती आपली आपणच धरायची. मायक्रोफायनान्स कंपन्यांच्या संघटनेनेही हल्ली ठरवलंय की एका कर्जदाराला तीनपेक्षा जास्त कंपन्यांनी देऊ नये आणि एकूण २ लाखांच्या वर जाऊ नये. ठरवलंय, पाळतात किती ते ज्याच्या त्याच्या गल्लीत बघा.

आणि एक, हप्ता कधी येतो हे हप्ता किती आहे याच्याएवढंच महत्त्वाचं. माझा मावसभाऊ निफाडला द्राक्ष करतो. ऑक्टोबरच्या छाटणीला पैसे लागतात, औषधं, मजुरी, डिपिंग, आणि पैसे येतात फेब्रुवारी-मार्चला, व्यापारी पळून नाही गेला तर. त्याला महिन्याच्या महिन्याला हप्त्याचं कर्ज दिलं तर नोव्हेंबरचा हप्ता तो कशातनं भरणार? दुसऱ्या कर्जातनं. पीककर्ज एकदम हंगामाला फेडायचं असतं ते याचसाठी. फायनान्स कंपन्यांना मासिक हप्ता सोयीचा, कारण त्यांना स्वतःला बँकेचा हप्ता दर महिन्याला भरायचाय. आर्थिक समावेशन, म्हणजे साध्या माणसाला बँक-कर्ज-विम्याच्या व्यवस्थेत घेणं, याचे आकडे किती खाती आणि किती कर्जं यावर मोजले जातात, किती हप्ते पिकाच्या वेळेला जुळले हे कोण मोजत नाही.

मोबाईलवर दोन मिनिटांत मिळतं की

मिळतं. पण आधी बघा कोण देतंय. कायदेशीर ॲपच्या मागे नोंदणी असलेली बँक किंवा एनबीएफसी असतेच, ॲप फक्त दलाल. बेकायदेशीर ॲपचा नमुना असा: ५ हजार मंजूर, हातात साडेतीन, सात दिवसांत पाच परत. साडेतीन हजारांवर आठवड्याला दीड हजार म्हणजे आठवड्याचेच ४३ टक्के, वर्षाचं गणित मांडलं तर बावीसशेच्या वर जातं. शेकडा तीनवाला सावकार यापुढे संत वाटायला लागतो. आणि नाही भरले तर फोनमधले सगळे नंबर आणि फोटो त्यांच्याकडे गेलेले, मग सुरू नातेवाइकांना मेसेज.

रिझर्व्ह बँकेचे २०२२ चे आणि मग २०२५ चे नियम म्हणतात की कर्जाच्या ॲपला तुमचे कॉन्टॅक्ट, गॅलरी, कॉल लॉग बघता येत नाहीत. कर्जाचे पैसे सरळ तुमच्या खात्यात आले पाहिजेत, तिसऱ्याच कुणाच्या खात्यातनं नाही. मन बदललं तर किमान एक दिवस मिळतो, त्यात मुद्दल आणि तेवढ्या दिवसाचं व्याज भरून कर्ज परत करता येतं, दंड नाही, एकदा भरलेली प्रोसेसिंग फी तेवढी ते ठेवू शकतात. रिझर्व्ह बँकेच्या वेबसाइटवर आता अधिकृत कर्ज-ॲपची यादी आहे. त्यात ॲप नसेल तर इन्स्टॉल करू नका. आणि ॲपने कॉन्टॅक्टची परवानगी मागितली तर तिथंच ओळखा.

हप्ता चुकला तर उचलून नेतील का?

लोक याला सगळ्यात जास्त घाबरतात. हप्ता न भरता येणं हा गुन्हा नाही, तो दिवाणी व्यवहार आहे. पण दिलेला चेक बाउन्स झाला तर चेक न वटण्याच्या गुन्ह्याचं कलम १३८ लागू शकतं, आणि खात्यातून आपोआप हप्ता कापायची जी परवानगी देतो ती बाउन्स झाली तरी तशीच कारवाई होऊ शकते, म्हणून हप्त्याच्या तारखेला खातं रिकामं ठेवू नका. अडचण असेल तर आधी लेखी कळवा.

वसुलीवाल्याला वेळेचं बंधन आहे, सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन नाही, मायक्रोफायनान्सच्या कर्जाला तर ९ ते ६ मध्येच. शिवीगाळ, धमकी, शेजाऱ्यांना सांगणं, नातेवाइकांना फोन, सगळं मना. मायक्रोफायनान्सवाल्याने ठरलेल्या जागीच वसुली करायची, घरी यायचं तर आधी दोन वेळा लागोपाठ तुम्ही त्या जागी गेलेला नसाल तेव्हाच. एप्रिल २०२४ पासून उशिराच्या दंडावर व्याज लावता येत नाही, दंड हा दंड म्हणूनच वेगळा दाखवायचा. सोनं गहाण असेल तर कर्ज फिटल्यावर सात कामाच्या दिवसांत परत, त्यांच्या चुकीने उशीर झाला तर दिवसाला ५ हजार भरपाई, हा नियम सगळ्यांना लागू करायची शेवटची मुदत १ एप्रिल २०२६ ची.

तक्रार आधी कंपनीकडेच, लेखी, पोच घेऊन. ३० दिवसांत उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, तक्रारींच्या सीएमएस पोर्टलवर किंवा १४४४८ ला फोन करून विचारा, मराठीतही बोलता येतं, पैसे लागत नाहीत. कंपनी नोंदलेलीच नसेल तर रिझर्व्ह बँकेचं सचेत पोर्टल आणि पोलीस. आणि परवाना नसलेला गावचा सावकार असेल तर सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकांकडे.

ताईंनी घ्यावं की नको

मी त्यांना घ्या किंवा नका घेऊ असं काहीच सांगितलं नाही, तीन गोष्टी विचारल्या. एक, मशीन आल्यावर महिन्याला वरचे किती मिळतील? त्या म्हणाल्या ऑर्डर टिकली तर पाच-सहा हजार, सिंहस्थ संपल्यावर कमी. म्हणजे २,७०८ निघतात, पण दुसऱ्या वर्षात टाइट होईल. दोन, मशीन केवढ्याला? तर ३२ हजारांना. मग ५० कशाला? "तो म्हणाला तेवढंच बसतंय." बसतंय त्याच्या टार्गेटमध्ये. तीन, बँकेत मुद्रा, म्हणजे छोट्या धंद्यासाठीचं सरकारी योजनेतलं कर्ज, विचारलंत का? ५० हजारांपर्यंतचं शिशु कर्ज बिनतारण मिळतं, बचत गटातून बँकेकडे गेलं तर अजून स्वस्त, वेळ मात्र लागतो आणि दोन-चार चकरा. त्यांचा गट आहे, तीन वर्षं जुना, फक्त त्यातनं आजवर हळदीकुंकू आणि सहल सोडून काही झालेलं नाही. या सोमवारी विषय काढते म्हणाल्या.

मग संध्याकाळपर्यंतच्या सहीचं काय? तो कागद पुन्हा नीट बघितला. कर्जाची मुदत सात दिवस किंवा त्याहून जास्त असेल तर केएफएस दिल्यापासून किमान तीन कामाचे दिवस त्यातल्या अटी कंपनीला बदलता येत नाहीत, तेवढा वेळ तुम्हाला विचाराला मिळालाच पाहिजे. कागदावर तारीख शुक्रवारची होती. ताईंनी माझ्यासमोरच त्याला फोन लावला, स्पीकरवर.

"भाऊ, कागदावर तीन दिवस आहेत म्हणे. मी बुधवारी सांगते. आणि सांगितलंच तर ३२ हजारांचा नवीन कागद काढून आणा, ५० चा नको."

पलीकडनं जरा वेळ काहीच आवाज नाही, मग म्हणाला, "कुणी सांगितलं ताई तुम्हाला हे?"